शेवटी काय बोलले?

कुणाच्या घरी दुःख झाले आणि आपण भेटायला गेलो, की काही प्रश्न ठरल्यासारखे विचारले जातात. केव्हा झाले, कसे झाले, जवळ कोण होते. मग आवाज थोडा खाली येतो आणि कोणीतरी विचारते, ‘शेवटी काही बोलले का?’ वारकऱ्याच्या घरी हा प्रश्न आणखी एक पायरी पुढे जातो. ‘शेवटी नाम घेतले का?’

घरच्यांनी ‘हो’ म्हटले, तर मंडळी हात जोडतात. सोने झाले म्हणतात. पण उत्तर नेहमी तसे नसते. ‘शुद्धच नव्हती’, ‘नुसते पाणी मागत होते’, ‘घशात नळी होती, बोलणार कसे?’ अशी उत्तरेही येतात, आणि ती देताना मुलाची नाहीतर सुनेची मान खाली जाते. ज्या माणसाने पन्नास वर्षे गळ्यात माळ वागवली, एकादशी मोडली नाही, हरिपाठ झाल्याशिवाय ताटावर बसला नाही, त्याच्या मुखी शेवटच्या घटकेला विठ्ठल आला नाही, हे शल्य घरात राहून जाते. तेराव्याचे जेवण होते, वर्षश्राद्ध होते, पण शल्य जात नाही.

वाचकहो, आज या शल्याविषयीच बोलायचे आहे. मोठ्या माणसांचे शेवटचे शब्द जपून ठेवण्याची चाल जगात फार जुनी आहे. ते शब्द कोणी ऐकले, कसे टिकले, आणि आपल्या संतांनी जाताना मागे काय ठेवले, हे इतिहासाच्या उजेडात नीट पाहिले, तर आपल्या घरातल्या त्या दुःखाकडे पाहण्याची नजर थोडी बदलेल असे वाटते.

प्रथम दूरचे एक उदाहरण घेऊ. ग्रीस देशात अथेन्स नगरीत सॉक्रेटिस नावाचा तत्त्वज्ञ होऊन गेला. तरुणांना बिघडवतो आणि नगरीचे देव मानत नाही, या आरोपांवरून त्याला इसवी सनापूर्वी ३९९ मध्ये देहांताची शिक्षा झाली. वय सत्तरीचे. विषाचा पेला त्याने शांतपणे घेतला, मित्रांना रडू नका म्हणाला आणि अंगावर पांघरूण घेऊन पडून राहिला. पाय गार पडत चालले. मग तोंडावरचे पांघरूण दूर करून तो क्रिटो नावाच्या मित्राला म्हणाला की, आरोग्यदेवतेला एक कोंबडा द्यायचा राहिला आहे, तेवढे देणे विसरू नका. हे त्याचे शेवटचे शब्द.

आजारातून उठलेला माणूस त्या देवतेला कोंबडा वाहत असे. म्हणून विद्वानांनी अर्थ लावला, की सॉक्रेटिसाला जगणे हाच आजार वाटत होता आणि मृत्यू हे त्यावरचे औषध. दुसरे म्हणतात, इतके खोल जायला नको, साधा नवस राहिला होता तो त्याने सांगितला. दोन हजारांहून अधिक वर्षे हा वाद चालला आहे. पण त्यात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. हा प्रसंग लिहून ठेवला तो त्याचा शिष्य प्लेटो याने, आणि आपण त्या दिवशी आजारी असल्यामुळे तिथे नव्हतो, असे त्याच्याच ग्रंथात नमूद आहे. जगातले बहुधा सर्वांत गाजलेले शेवटचे शब्द आपल्याला मिळाले ते त्या खोलीत नसलेल्या माणसाकडून!

दुसरे उदाहरण जर्मन महाकवी गटेचे. कालिदासाचे शाकुंतल वाचून हर्षभरित झालेला कवी म्हणून मराठी वाचकाला तो ओळखीचा आहे. २२ मार्च १८३२ रोजी वायमार गावी त्याने देह ठेवला. शेवटी तो ‘अधिक प्रकाश’ म्हणाला, अशी प्रसिद्धी झाली आणि लोकांनी त्या दोन शब्दांना ज्ञानाची तळमळ म्हणून डोक्यावर घेतले. ही हकीकत त्याच्या वैद्याने प्रसिद्ध केली, पण तो वैद्य त्या क्षणी खोलीत नव्हता. कवीने खिडकीचे दुसरे दार उघडा, म्हणजे खोलीत जरा उजेड येईल, एवढेच म्हटले होते असेही सांगतात. खिडकी उघडण्याची विनंती असेल, नाहीतर खरोखरच आत्म्याची हाक असेल. शब्द तोच. त्याला अर्थ दिला तो मागे राहिलेल्या माणसांनी.

म्हणजे शेवटचा शब्द कधीच एकट्या जाणाऱ्याचा नसतो. त्याला एक कान लागतो. त्या कानात प्रेम असते, ओढ असते, कधी भीतीही असते. जाणारा माणूस जसा आपल्या मनात असतो, तसाच तो शेवटी बोलला असावा असे आपल्याला वाटते. यात खोटेपणा नाही. माणसाचे मनच तसे आहे. पण म्हणूनच त्या एका शब्दाच्या काट्यावर साऱ्या आयुष्याचे वजन करू नये.

आता आपल्याच देशातला प्रसंग पाहू. ३० जानेवारी १९४८, दिल्लीतले बिर्ला भवन. महात्मा गांधींचे वय ७८. सरदार पटेलांशी बोलणे लांबले आणि पाचच्या प्रार्थनेला दहा-पंधरा मिनिटे उशीर झाला. मनु आणि आभा या दोघींच्या खांद्यांवर हात ठेवून ते भराभर निघाले. चालता चालता, उशीर झाला हे बरे झाले नाही, अशी लटकी कानउघाडणीही त्यांनी मुलींची केली. प्रार्थनेची वेळ चुकवणे त्यांना खपत नसे. पुढच्या काही क्षणांत तीन गोळ्या झाडल्या गेल्या. मनुबेन यांनी आणि जवळच्या काहींनी ऐकले की त्यांच्या मुखातून ‘हे राम’ निघाले. राजघाटावरच्या काळ्या शिळेवर हेच शब्द कोरले आहेत. जवळच असलेल्या दुसऱ्या काहींनी मात्र आपल्याला काही ऐकू आले नाही, असे सांगितले. त्यावरही वाद झाले, आजही होतात.

वारकऱ्याने या वादात कोणती बाजू घ्यावी? मला वाटते, त्याने गांधीजींच्या बालपणाकडे पाहावे. पोरबंदरला लहानग्या मोहनला भुताखेताची फार भीती वाटे. घरात रंभा नावाची एक जुनी दाई होती. ती म्हणाली, भीती वाटली की रामाचे नाव घे. ही गोष्ट त्यांनीच आत्मचरित्रात सांगितली आहे. म्हणजे भित्र्या पोराच्या ओठावर एका साध्या दाईने ठेवलेले ते नाम सत्तर वर्षे टिकले. तुरुंगात टिकले, उपवासांत टिकले, नोआखालीच्या जळक्या गावांतून अनवाणी फिरताना टिकले. मृत्यूच्या दहा दिवस आधी, २० जानेवारीला, त्याच प्रार्थनेच्या जागी बाँब फुटला, तेव्हा लोकांना शांत राहायला सांगून त्यांनी प्रार्थना पुढे चालू ठेवली. मनुबेन यांच्या नोंदीप्रमाणे आदल्या रात्रीच ते म्हणाले होते की, मी अंथरुणावर आजाराने मेलो तर मला खोटा महात्मा म्हणा, पण गोळी छातीवर घेऊन मुखाने रामनाम घेत गेलो तर काही खरे होते असे समजा.

तो शब्द त्या संध्याकाळी कोणाच्या कानावर पडला आणि कोणाच्या पडला नाही, याचा निवाडा आपण काय करणार? पण तो शब्द त्यांच्या जवळ होता, याची साक्ष सत्तर वर्षे देतात. रंभेने दिलेले नाम शेवटच्या क्षणाची वाट पाहत बसले नव्हते. ते रोज कामावर होते.

इथे कोणी म्हणेल, शास्त्रच तर सांगते की अंतकाळी जे स्मरण होईल तशी गती मिळेल. खरे आहे. गीतेच्या आठव्या अध्यायात भगवंतांनी ते सांगितले आहे. पण लगेच पुढे ते अर्जुनाला काय सांगतात? म्हणून शेवटी माझे स्मरण कर, असे नाही. म्हणून सर्वकाळ माझे स्मरण कर आणि तुझे युद्धही कर, असे सांगतात. आपण पहिली ओळ पाठ करतो आणि दुसरीकडे तितके लक्ष देत नाही. अंतकाळ कोणता, हे कोणाला ठाऊक नाही, म्हणून प्रत्येक काळ तसाच धरावा, असा तो उपदेश आहे.

भागवतातल्या दोन कथा या जागी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. एक अजामिळाची. कीर्तनात ती आपण शेकडो वेळा ऐकली आहे. आयुष्यभर वाट चुकलेला अजामिळ मरणाच्या घटकेला धाकट्या मुलाला हाक मारतो. मुलाचे नाव नारायण. त्या हाकेवर विष्णुदूत धावून येतात. आपली कथा बहुधा इथे थांबते आणि ऐकणारा मनाशी म्हणतो, वा, शेवटचा शब्द साधला की काम झाले. पण भागवत इथे थांबत नाही. अजामिळ त्या वेळी मेलाच नाही! विष्णुदूतांचे आणि यमदूतांचे बोलणे त्याने ऐकले, तो सावध झाला, केल्या कर्माचा त्याला पश्चात्ताप झाला. घरदार सोडून तो गंगाद्वाराला गेला, तिथे त्याने मन लावून भजन केले, आणि पुढे कधीतरी गंगेच्या तीरी देह ठेवला. म्हणजे ज्याला आपण त्याचा शेवटचा शब्द म्हणतो, तो वास्तविक त्याचा पहिला शब्द होता.

दुसरी कथा राजा भरताची. याने राज्य सोडले, गंडकीच्या तीरी तप केले. आयुष्याची शिस्त अशी की कोणी बोट ठेवू नये. पण पाण्यात पडलेले एक हरणाचे पाडस त्याने कळवळ्याने वाचवले, त्याचा जीव त्या पाडसात गुंतला, आणि अंतकाळी त्याच्या मनात देव नव्हता, पाडस होते. पुढचा जन्म हरणाचा आला. इथेही आपण घाबरून थांबतो. पण कथा पुढे सांगते की त्या हरणाच्या जन्मातही त्याला आठवण राहिली. केलेले भजन वाया गेले नाही. तिसऱ्या जन्मी तोच जडभरत झाला. रहूगण राजाची पालखी खांद्यावर वाहता वाहता त्याने त्या पालखीतल्या राजाला ज्ञान दिले.

दोन्ही कथा एकत्र वाचल्या की काय दिसते? एकाच्या मुखी शेवटी नाम आले, तरी त्याला पुढे साधना करावी लागलीच. दुसऱ्याच्या मनात शेवटी नाम नव्हते, तरी त्याची साधना त्याला सोडून गेली नाही. भागवतकारांनी एका क्षणाच्या हातात माणसाचा सगळा हिशेब दिलेला नाही. मग आपण तो का द्यावा?

आता आपल्या संतांकडे येऊ. एक गोष्ट लक्षात येते का पाहा. ज्या संप्रदायाने आपल्या संतांचे एवढे शब्द जिवापाड जपले, त्या संप्रदायात ‘अमुक संत शेवटी अमुक बोलले’ अशी वाक्ये जपण्याची फारशी हौस दिसत नाही.

माउलींनी शके १२१८ मध्ये, म्हणजे १२९६ साली, कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीस समाधी घेतली. वय अवघे एकवीस. तिथे नामदेवराय होते आणि त्या सोहळ्याचे अभंग त्यांनी केले. कार्तिकीला आळंदीत ते ऐकताना काय मनात राहते? निवृत्तिनाथांची अवस्था, भावंडांचा कळवळा, जमलेल्या संतांच्या डोळ्यांतले पाणी. माउलींचे एखादे अखेरचे वाक्य काढून आपण कुठे शिळेवर कोरले नाही. आपण ज्याने आजही सभेचा, पारायणाचा, सप्ताहाचा शेवट करतो ते पसायदान तर त्याआधी सहा वर्षांचे आहे. शके १२१२ मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी पूर्ण झाली, तेव्हा ते मागितले गेले. ते कामाच्या शेवटाचे मागणे आहे, आयुष्याच्या शेवटाचे नाही. काम हातावेगळे झाल्यावर स्वतःसाठी काही न मागता साऱ्या जगासाठी मागून ठेवले, आणि समाधीच्या वेळी वेगळे सांगायला काही उरले नाही.

नाथमहाराजांनी फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणास गोदावरीत देह ठेवला. त्यांचे भावार्थ रामायण तेव्हा पूर्ण झालेले नव्हते. युद्धकांड चालू होते. मग पुढे कोणी लिहिले? परंपरा सांगते, गावबाने. हा गावबा म्हणजे पुरणपोळीच्या ओढीने नाथांच्या वाड्यात येऊन राहिलेला साधाभोळा मुलगा. पंडितांच्या पैठणात ग्रंथ पुरा करायला पंडित काही कमी नव्हते. पण नाथांचे शब्द पुढे न्यायला पुरणपोळीवर वाढलेला, रोज कथा ऐकलेला पोरगा निघाला. नाथांचा शेवटचा शब्द त्यांच्या मुखात राहिला नाही. तो गावबाच्या लेखणीत गेला.

तुकोबारायांचे वैकुंठगमन शके १५७१, म्हणजे १६५० च्या फाल्गुन वद्य द्वितीयेचे. बीजेला देहूत नांदुरकीच्या झाडाखाली दुपारी जे भरून येते, ते तिथे उभे राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. महाराजांचे निरोपाचे म्हणून जे अभंग आपण गातो, त्यांनी डोळे ओलावतात. पण या ठिकाणी मला आठवण करून द्यायची आहे ती नारायण महाराजांची. तुकोबांचे हे धाकटे चिरंजीव जन्माला आले ते वडिलांच्या प्रयाणानंतर. या मुलाने वडिलांचा शेवटचा शब्द ऐकला नाही, पहिला ऐकला नाही, मधला एकही ऐकला नाही. वडिलांच्या आवाजाची आठवण म्हणून त्याच्यापाशी काही नव्हते. आणि याच मुलाने १६८५ साली तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवून, आळंदीहून माउलींच्या पादुका घेऊन, पंढरीची वाट धरली. ‘ज्ञानोबा-तुकाराम’ हा जो गजर आज आषाढीच्या वाटेवर लाखोंच्या मुखी असतो, तो त्या वाटेवर असा उभा राहिला.

वडिलांचे शेवटचे बोलणे ऐकायला मिळाले नाही, म्हणून ज्यांच्या जिवाला लागून राहिले आहे, त्यांनी नारायण महाराजांकडे पाहावे. ऐकायला काहीच मिळाले नव्हते, तरी चालायला वाट मिळाली होती.

आणि आता चोखोबा. खरे तर हा सारा लेख त्यांच्यापाशी येऊन थांबण्यासाठीच आहे.

शके १२६०, म्हणजे १३३८. पंढरीहून जवळच मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालले होते. चोखोबा तिथे इतर मजुरांबरोबर राबत होते. ज्या संताच्या अभंगांनी आज कीर्तन रंगते, तो संत दगडमाती वाहत होता. कूस कोसळले. त्याखाली माणसे गाडली गेली, त्यात चोखोबाही गेले. समाधीचा सोहळा नाही, भोवती संतांची मांदियाळी नाही, मृदंग नाही, वीणा नाही. उशाशी सोयराबाई नाही. ते शेवटी काय बोलले, हे सांगायला कोणी उरलेच नाही. दगडांखाली दबलेल्या माणसाला श्वास घेता येत नाही, तो काय बोलणार?

परंपरा पुढचे सांगते. नामदेवराय मंगळवेढ्याला गेले. ढिगाऱ्यात हाडे एकमेकांत मिसळली होती. चोखोबांची कोणती, इतरांची कोणती, ओळखायचे कसे? नामदेवरायांनी एकेक हाड उचलून कानाला लावले. ज्यातून ‘विठ्ठल विठ्ठल’ ऐकू आले, ती चोखोबांची. त्या अस्थी त्यांनी पंढरीला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. हयातीत चोखोबांना त्या दाराच्या आत पाऊल टाकू दिले नव्हते. साने गुरुजींच्या १९४७ च्या उपोषणाने ते दार सर्वांना खुले व्हावे म्हणून महाराष्ट्र हलला, तोवर सहाशे वर्षे उलटली होती. नामदेवराय स्वतः १३५० साली गेले, आणि त्यांची पायरीही तिथेच आहे, चोखोबांच्या समोर. आजही आपण महाद्वारातून जाताना दोघांच्या मधून जातो.

वाचकहो, या कथेत नामदेवरायांचे काम नीट पाहा. हेच नामदेवराय बेचाळीस वर्षांपूर्वी आळंदीला माउलींच्या समाधीपाशी उभे होते. तिथे सगळे ऐकायला होते आणि त्यांनी ऐकले. मंगळवेढ्याला ऐकायला काहीच नव्हते, तरी त्यांनी कान लावला. मजुरांच्या त्या ढिगाऱ्यापाशी गुडघे टेकून एकेक हाड कानाला लावणारा संत, हे चित्र ज्याने एकदा मनात धरले, तो पुन्हा कुठल्याही घरी ‘शेवटी नाम घेतले का’ हे तपासणीच्या स्वरात विचारणार नाही. चोखोबांनी शेवटी नाम घेतले का, याची नामदेवरायांनी कोणाकडे चौकशी केली नाही. आयुष्यभर घेतलेले नाम हाडात उतरलेले असणार, हा त्यांना भरवसा होता. ओठांनी साथ दिली नाही तरी हाडे देतील.

आपल्या काळात या भरवशाची गरज अधिकच आहे. पूर्वी माणूस घरात, अंथरुणावर, माणसांच्या गराड्यात जाई. आता अनेकांचा शेवट दवाखान्यात होतो. श्वासाच्या यंत्राची नळी स्वरतंतूंच्या मधून खाली जाते, त्यामुळे माणूस शुद्धीत असला तरी आवाज फुटत नाही. मेंदूत रक्ताची गाठ अडकली तर वाचा जाते. म्हातारपणीच्या विस्मरणात पोटच्या मुलाचे नावही सापडत नाही. कोरोनाच्या साथीत तर कितीतरी घरांनी आपले माणूस काचेपलीकडे, नाहीतर रुग्णवाहिकेच्या बंद दाराआड शेवटचे पाहिले. २०२० च्या आषाढीला पादुकासुद्धा एसटीने पंढरीला गेल्या. त्या वर्षी जे गेले, ते काय बोलले हे त्यांच्या घरच्यांना कधीच कळणार नाही. त्यांच्यावरही एक भिंत कोसळली होती. तिथेही कान लावणारा नामदेव हवा आहे, हिशेब विचारणारा नको.

आणि ज्यांनी शेवटी ‘पाणी’ म्हटले, त्यांचे काय? काशीहून रामेश्वराला निघालेली गंगेची कावड नाथमहाराजांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखात रिकामी केली, हे आपण मोठ्या प्रेमाने सांगतो. तहानलेल्या जिवाची हाक नाथांना रामेश्वराचीच वाटली. मग आपल्या वडिलांनी मागितलेले पाणी कमी प्रतीचे कसे ठरते? कोणी शेवटी ‘आई गं’ म्हणून कण्हत गेले असेल. ज्या संप्रदायात देवाला विठाई म्हणतात आणि ज्ञानदेवांना माउली, त्याने ‘आई’ ही हाक नामात धरू नये, तर कोणी धरावी?

मग आपण करावे काय? जाणाऱ्याच्या उशाशी बसावे. त्याला ‘नाम घ्या, नाम घ्या’ असे बजावू नये. ती परीक्षा होते, आणि त्या घटकेला कोणाची परीक्षा घेऊ नये. नाम आपण घ्यावे, हळू, त्याच्या ओळखीच्या चालीत. बोलणे थांबल्यावरही ऐकू येत राहू शकते, असे जाणकार सांगतात. त्याने रोज म्हटलेला हरिपाठ त्याच्या कानाशी म्हणावा. हात हातात घ्यावा. तुळशीपत्र आणि पाणी वेळ पाहून, डॉक्टरांना विचारून द्यावे. त्याच्या मुखाने नाम घेण्याची पाळी आता संपली, ती आपल्याकडे आली, एवढे समजावे.

आणि दुःखाच्या घरी भेटायला गेल्यावर वेगळे विचारावे. ‘शेवटी काय बोलले?’ याऐवजी, ‘रोज काय बोलायचे?’ असे विचारावे. मग पाहा, खाली गेलेली मान कशी वर येते. सून सांगेल, काकड्याच्या वेळी उठून कसे बसत. नातू सांगेल, पेटीच्या कोणत्या पट्टीवर कोणता अभंग लावत. शेजारी सांगतील, वाटेत भेटले की ‘माउली’ म्हणून कसे वाकत. एकेक हाड कानाला लावल्यासारखे होईल, आणि त्यातून नाद ऐकू येईल.

गेलेल्या माणसाचे टाळ खुंटीला असतील तर ते उतरवावेत. पुढच्या एकादशीला ते घरातल्या कोणाच्या तरी हातात असावेत. त्याची वारी राहिली असेल, तर चार मुक्काम तरी आपण चालावे. गावबाने ग्रंथ पुरा केला, नारायण महाराजांनी पालखी उचलली, नामदेवरायांनी अस्थी पंढरीला नेल्या. जाणाऱ्याचे बोलणे जिथे थांबले, तिथून पुढे म्हणायचे काम आपल्या वाट्याचे आहे.

रामकृष्णहरी!